खोललेलं इंजिन धुण्याआधी वाचावं

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी या उसाच्या पट्ट्यात जुन्या ट्रॅक्टरच्या इंजिनाचं काम निघतं ते उन्हाळ्यात. गळीत हंगाम संपलेला असतो, ट्रॉल्या सोडून बांधाला लावलेल्या असतात आणि मृगाच्या आत नांगरट उरकायची असते. खानापूरच्या भातपट्ट्यात घाई वेगळी, पण तारीख तीच. चिखलणी सुरू झाली की ट्रॅक्टर आठवडाभरही बंद ठेवता येत नाही. म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये, गोठ्याच्या बाजूला, ताडपत्री अंथरून इंजिन खोललं जातं. मिस्त्री सकाळी येतो आणि दुपारपर्यंत सगळे भाग डिझेलच्या टबात जातात. संध्याकाळी ते लख्ख होऊन पोत्यावर मांडलेले असतात आणि नव्या किटची (लायनर, पिस्टन, रिंगांच्या संचाची) चिठ्ठी लिहून झालेली असते.

नुकसान होतं ते नेमकं या धुण्यात. इंजिन कशानं झिजलं याचा सगळा पुरावा त्या काजळीत, चिकट्यात आणि ओरखड्यांत असतो. तो वाचायच्या आधीच पुसला गेला तर नवं किट जुन्याच कारणाच्या तोंडी जातं. दोन हंगामांनी तेच इंजिन पुन्हा ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, वाफ मारायला लागतं आणि दोष पार्टच्या कंपनीवर येतो. जुनं इंजिन घरी नीट करायचं असेल तर पहिला दिवस पान्यांचा ठेवू नये. तो विजेरीचा, वहीचा आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याचा ठेवावा.

ज्या इंजिनांवर एवढे कष्ट घ्यावेत अशी इंजिनं या भागात अजून भरपूर आहेत. मद्रासच्या टाफेनं १९६० मध्ये मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्यानं ट्रॅक्टर बनवायला घेतले, तिथून पुढच्या पिढ्यांच्या तीन सिलिंडरच्या मॅसी गावोगावी दिसतात. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या आराखड्यावरची महिंद्रा बी-२७५ आहे. एचएमटीनं १९७१ मध्ये पिंजोरला झेटॉरच्या सहकार्यानं सुरू केलेली २५११ आहे. तिघांचेही पार्ट आजही मिळतात, आणि तिघांचेही ब्लॉक जाड, भरपूर लोखंडाचे आहेत. असं इंजिन भंगारात घालणं पटत नाही. ब्लॉक आणि क्रँक शाबूत असतील तर बाकी सगळं परत उभं करता येतं.

हेड उतरवलं की आधी लायनरचा, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळीचा, वरचा काठ बघावा. पिस्टन सगळ्यात वर जातो तिथे पहिली रिंग थांबते. त्या रेषेच्या खाली लायनर सर्वांत जास्त झिजतो आणि वर अजिबात झिजत नाही. नख फिरवलं की पायरी लागते. पायरी असणं स्वाभाविकच आहे, पण ती कशी आहे ते बघायचं. लायनर वरच्या भागात मंद, राखाडी, घासून काढल्यासारखा दिसत असेल, पहिल्या रिंगेची धार सुरीसारखी झाली असेल आणि खालची ऑइल रिंग त्या मानानं बरी असेल, तर धूळ हवेच्या वाटेनं आली. उलट, ऑइल रिंगाच जास्त खाल्लेल्या असतील आणि बेअरिंगच्या मऊ थरात बारीक खडे रुतलेले असतील, तर घाण ऑइलमधून फिरली.

हवेच्या वाटेनं धूळ आली असेल तर किट आणण्याआधी एअर क्लीनर उघडावा. जुन्या ट्रॅक्टरना ऑइल बाथचा फिल्टर असतो. वाटीतलं ऑइल खुणेइतकंच हवं. कमी असेल तर धूळ अडत नाही, जास्त असेल तर इंजिन ते ओढून घेतं. उन्हाळ्यात रोटर मारताना, खानापूरच्या तांबड्या मातीत किंवा अथणीच्या काळ्या रानात, वाटी रोज संध्याकाळी उघडून बघावी. तळाला अर्धा इंच गाळ बसला असेल तर ऑइल बदलावं. पण खरा चोर बहुतेक वेळा फिल्टरच्या पुढे असतो, फिल्टर आणि मॅनिफोल्ड यांच्यामधल्या रबरी होजमध्ये. क्लिपखाली चीर गेलेली असते आणि ती वरून दिसत नाही. होज काढून आतून बोट फिरवावं. बोटाला धूळ लागली तर कारण सापडलं. ती होज स्वस्त असते आणि तिच्या चिरेपायी अख्खं इंजिन जातं.

बेअरिंगही वाचता येतात. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचं वरचं अर्धं आणि क्रँक तोलणाऱ्या मेन बेअरिंगचं खालचं अर्धं जास्त झिजतं, कारण स्फोटाचा दाब तिकडेच येतो. ही झीज नेहमीची. एका बेअरिंगची एकच कड चमकत असेल तर तो रॉड वाकडा असण्याची शक्यता आहे. असा रॉड लेथवर तपासून घ्यावा. सगळीच बेअरिंगं तांब्याच्या रंगापर्यंत उतरली असतील तर ऑइलच्या दाबाचा किंवा डिझेल मिसळून पातळ झालेल्या ऑइलचा संशय धरावा.

डिझेल ऑइलमध्ये का उतरतं, याचं एक उत्तर सहसा कुणी विचारात घेत नाही. आपल्याकडे इंजिन तापतं म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप, काढून फेकायची जुनी सवय आहे. थर्मोस्टॅट नसलं की इंजिन हलक्या कामात कधीच पुरेसं गरम होत नाही. थंड लायनरवर डिझेल नीट जळत नाही, भिंतीवरचं ऑइल धुऊन चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) उतरतं, काजळी रिंगांच्या खाचेत बसते आणि रिंगा चिकटतात. इंजिन तापायचं खरं कारण बहुधा भरलेला रेडिएटर किंवा ब्लॉकच्या जॅकेटमधला (पाणी फिरतं त्या पोकळीतला) क्षार असतो. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ओतलं की मागच्या सिलिंडरभोवती चिखल आणि चुन्याचा थर साचतो. ब्लॉकच्या बाजूच्या पत्र्याच्या डमी (भोकं बंद करणारी झाकणं) काढून, तारेनं खरवडून, पाण्याच्या फवाऱ्यानं तो साफ करावा. डमी मग नव्याच बसवाव्यात. नवं थर्मोस्टॅट घरीच तपासता येतं. पातेल्यात पाणी घेऊन ते दोऱ्यानं लटकवायचं, तळाला टेकू द्यायचं नाही, आणि शेजारी तापमापक धरायचा. त्याच्यावर छापलेल्या अंशाच्या आसपास, बहुतेकांत ८० च्या थोडं पुढे, ते उघडायला लागलं की ठीक.

आता खोलण्याबद्दल. या ट्रॅक्टरना चासी नसते. इंजिन हाच ट्रॅक्टरच्या अंगाचा मधला भाग असतो. लायनर-पिस्टनपुरतं काम हेड आणि चेंबर उतरवून जागेवर होतं. क्रँक काढायचा तर ट्रॅक्टर दोन भागांत तोडावा लागतो, आणि इथे जिवाला धोका आहे. पुढचा ॲक्सल मधल्या पिनवर झुलता असतो. गिअरबॉक्सपासून इंजिन सुटलं की पुढचा भाग एका बाजूला कलंडू शकतो. म्हणून ॲक्सल आणि त्याच्या वरचा सपोर्ट यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकून मगच बोल्ट सोडावेत. मागच्या भागाखाली ठोकळे द्यावेत, नुसत्या जॅकवर काहीही ठेवू नये. चेन ब्लॉक झाडाच्या फांदीला टांगू नये.

वर्षानुवर्षं उभं राहून जाम झालेलं इंजिन दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढून सोडवायचा प्रयत्न तर अजिबात करू नये. त्यात रॉड वाकतात, रिंगांच्या मधल्या पट्ट्या तुटतात. नोजल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं ओतावं आणि आठवडाभर धीर धरावा. फ्लायव्हीलच्या दात्यांवरून बारीने दोन्ही दिशांना थोडं थोडं हलवत राहावं. नाही सुटलं तर हेड काढून, पिस्टनवर लाकडाचा गोल ठोकळा ठेवून बेतानं ठोकावं. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते आधी बाहेर काढावं, पाणी दबत नाही.

उतरलेल्या प्रत्येक भागाला त्याची जागा असते. पुशरॉड, टॅपेट आणि व्हॉल्व्ह पुठ्ठ्याला भोकं पाडून, नंबर घालून त्याच क्रमानं खोचावेत. रॉड आणि त्याची कॅप यांच्यावर कारखान्याचे नंबर असतात. नसतील तर खोलण्याआधी पंचानं ठिपके मारावेत. एकाची कॅप दुसऱ्याला कधीच बसवू नये, कारण दोन्ही एकत्र बोअर केलेले असतात.

मोजमापाला बरेच जण घाबरतात. गरज नाही. एक मायक्रोमीटर, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि जुनी रिंग एवढ्यावर बरंच काही कळतं. आपल्याकडचे मिस्त्री थाऊत बोलतात, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मिलिमीटरचा साधारण चाळिसावा. लायनर किती निमुळता झालाय ते असं काढता येतं: जुनी रिंग लायनरमध्ये घालून पिस्टननं सरळ ढकलावी. आधी पायरीच्या लगेच खाली आणि मग अगदी तळाशी, जिथे झीज होत नाही, तिच्या तोंडाची फट फीलरनं मोजावी. वर ४४ थाऊ आणि खाली १९ आली, तर फरक २५. त्याला ३.१४ नं भागलं की आठ थाऊ. एवढा व्यास वरच्या बाजूला वाढलाय. सहा-आठ थाऊच्या पुढे गेलं की नुसत्या नव्या रिंगांवर काम भागत नाही. त्या काही महिन्यांतच ऑइल प्यायला लागतात. पिस्टन परत वापरायचा विचार असेल तर त्याच्या वरच्या खाचेत नवी रिंग धरून फीलर घालून बघावा. सहा थाऊची पट्टी सहज गेली तर पिस्टन बाद.

क्रँकचा प्रत्येक जर्नल (बेअरिंग बसतं तो गोल भाग) मायक्रोमीटरनं दोन ठिकाणी आणि दोन दिशांनी मोजावा, आणि आकडे वहीत लिहावेत. दीड-दोन थाऊच्या वर अंडाकृती झाला असेल किंवा नख अडेल इतका ओरखडा असेल तर ग्राइंडिंग. ते दहा, वीस, तीस थाऊ अशा टप्प्यांनी होतं आणि बेअरिंग त्याच मापाची येतात. आधी कुणी किती घेतलंय हे जुन्या बेअरिंगच्या पाठीवर कोरलेलं असतं. म्हणून जुनी बेअरिंग फेकायची घाई करू नये.

घरच्या कामाची हद्द इथे संपते. क्रँक ग्राइंडिंग, कोरड्या लायनरचं बोअरिंग-होनिंग (आतून कापून मग दगडानं घासणं), हेडचं फेसिंग आणि डिझेल पंपाचं कॅलिब्रेशन ही कामं घरी करू नयेत. सुदैवानं या जिल्ह्याला ती करणाऱ्यांसाठी लांब जावं लागत नाही. बेळगावचं उद्यमबाग आहे आणि निपाणीवरून हायवेनं वर गेलं की कोल्हापूरची शिरोली आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकल दुरुस्तीचं दुकान काढलं ते बेळगावातच, आणि १९१० मध्ये कारखाना कुंडलच्या माळावर नेईपर्यंत लोखंडी नांगराची सुरुवातही याच गावात झाली. यंत्राला हात घालायची हिंमत या मातीत जुनी आहे. लेथवाल्याकडे जाताना मात्र आपले आकडे घेऊन जावं. "बघा काय लागतंय ते" असं म्हणून क्रँक टाकून येऊ नये.

ग्राइंडिंग झालेला क्रँक ताब्यात घेताना तीन गोष्टी तिथेच तपासाव्यात. जर्नलच्या दोन्ही कडांना कोपऱ्यातली गोलाई मूळच्या इतकी ठेवली आहे का? तो कोपरा काटकोनात कापला गेला तर क्रँक पुढे नेमका तिथूनच तुटतो, आणि उसाच्या दोन ट्रॉल्या ओढताना तुटतो. ऑइलच्या भोकांच्या कडा घासून गुळगुळीत केल्या आहेत का? आणि आतल्या ऑइलच्या वाटा साफ केल्या आहेत का? ग्राइंडिंगची भुकटी तिथे राहिली तर नवं बेअरिंग पहिल्या तासातच जातं. तार आणि हवा मारून त्या पुन्हा साफ करायच्याच.

मॅसीच्या पर्किन्स जातीच्या इंजिनात लायनर कोरडे असतात, ब्लॉकच्या भोकात दाबून बसवलेले. एचएमटीत ते ओले असतात, म्हणजे बाहेरून थेट पाणी लागतं आणि खाली रबरी रिंगा पाणी अडवतात. ओल्या लायनरची बाहेरची बाजू बघावी. सुईनं टोचल्यासारखी बारीक भोकं एका बाजूला ओळीनं दिसली तर साध्या पाण्यामुळे लायनर खाल्ला जातोय. कूलंट घातल्याशिवाय ते थांबत नाही. ब्लॉकमधली रबरी रिंगांची जागा गंज तासून पूर्ण साफ करावी. रिंगांना साबणाचं पाणी लावून लायनर हातानं दाबला तर बसला पाहिजे. हातोडा लागतोय म्हणजे रिंग पिळली गेली आहे.

होनिंग केलेला सिलिंडर डिझेलनं किंवा पेट्रोलनं धुऊन साफ होत नाही, हे ठामपणे सांगायला हवं. होनिंगच्या दगडाची भुकटी त्या बारीक चिरांत रुतून बसते आणि डिझेल फक्त वरचं तेल नेतं. गरम पाणी, कपड्याचा साबण आणि ताठ ब्रश घेऊन घासावं. मग पांढरं कापड ऑइलमध्ये बुडवून पुसावं. कापड राखाडी झालं तर परत साबण. कापड पांढरंच राहिलं की काम झालं, आणि गंज चढण्याआधी लगेच ऑइल लावावं.

जुळणीत खरं तर घाई नसली की फारसं काही चुकत नाही. नव्या रिंगेची फट प्रत्येक लायनरमध्ये घालून मोजावी. साडेतीन इंचाच्या बोअरला साधारण दहा ते सोळा थाऊ धरतात, पण पुस्तकातलं माप शेवटचं. फट कमी पडली तर गरम झाल्यावर रिंगेची टोकं भिडतात आणि लायनर ओरखडतो. म्हणून फट कमी असेल तर टोकं बारीक कानशीनं घासावीत. 'टॉप' लिहिलेली बाजू वर, आणि तोंडं एकमेकांपासून फिरवून ठेवावीत. बेअरिंगची फट जर्नलच्या दर इंच व्यासाला एक थाऊ, म्हणजे बहुतेक ठिकाणी दोन ते तीन थाऊ येते. रॉडचे बोल्ट जुने वापरू नयेत. मॅसीच्या जुन्या इंजिनाला मागे क्रँकवर दोरीचं सील असतं. ते ऑइलमध्ये भिजवून खोबणीत दाबून बसवावं आणि दोन्ही टोकं दहा ते वीस थाऊ बाहेर राहतील अशी कापावीत. जुनी दोरी ॲस्बेस्टॉसची असू शकते, ती कोरडी खरवडू नये.

टायमिंगच्या खुणा जुळवून एकदा क्रँक दोन फेरे फिरवला की पुष्कळांचा जीव उडतो, कारण मधल्या आयडलर गिअरवरच्या खुणा परत समोरासमोर येत नाहीत. आयडलरच्या दात्यांची संख्या वेगळी असल्यानं त्या पुष्कळ फेऱ्यांनी परत जुळतात. बसवताना नीट जुळल्या होत्या तर पुन्हा उघडायची गरज नाही. हेडचे बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानं आवळावेत. टॅपेटची फट मॅसीच्या तीन सिलिंडरला थंड इंजिनात १२ थाऊ, म्हणजे ०.३० मिमी.

डिझेलच्या बाजूला एकच बजावणं: मॅसीचा रोटरी पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो. रॉकेल मिसळलेलं किंवा तळाला पाणी साचलेल्या कॅनमधलं डिझेल त्याला मारतं. पंप आणि नोजल बेंचवर तपासून आणावेत. नव्या रिंगांच्या इंजिनावर थेंब गाळणारं नोजल बसवलं तर पिस्टनच्या डोक्याला भोक पडायला वेळ लागत नाही.

पहिल्यांदा चालू करण्याआधी ऑइल फिल्टर भरून घ्यावा. स्टॉप ओढून धरून स्टार्टर दहा-दहा सेकंद मारावा, मध्ये त्याला थंड होऊ द्यावं, गेजचा काटा हलेपर्यंत. मग फीड पंपाच्या हातानं फिल्टरवरच्या स्क्रूमधून, त्यानंतर पंपातून आणि शेवटी नोजलच्या पाइपांच्या नटांतून एअर काढावी. इंजिन लागलं की त्याला हळू आयडलवर तासन्‌तास ठेवू नये. हा समज या भागात फार पक्का आहे आणि तो चुकीचा आहे. बिनभाराच्या इंजिनात रिंगा लायनरवर पुरेशा दाबल्या जात नाहीत, भिंतीवर काचेसारखा थर चढतो आणि ते कायमचं ऑइल खातं. हजार-बाराशे आरपीएमवर गरम होऊ द्यावं, गळती बघावी, थांबवून हेड पुस्तकात सांगितल्याप्रमाणे पुन्हा आवळावं, टॅपेट परत बघावेत. मग सरळ रानात न्यावं, हलका कुळव लावावा. भार मध्यम आणि बदलता असावा. दोन ट्रॉल्यांचा ऊस किंवा खोल पल्टी नांगर पहिल्या पन्नास तासांत नको. पन्नास तासांनी ऑइल आणि फिल्टर बदलावे. काढलेलं ऑइल स्वच्छ पांढऱ्या टबात ओतून उन्हात बघावं. थोडी बारीक चमक चालते, पण तांब्याच्या रंगाचे पापुद्रे दिसले तर चेंबर परत उतरवून बेअरिंग बघावी लागतात.

ब्लॉकच बदलला असेल तर आर.सी.वरचा इंजिन नंबर आरटीओकडून बदलून घ्यावा, नाहीतर विक्रीच्या वेळी अडतं. क्रँक किती थाऊवर आहे, लायनर कोणते, रिंगांच्या फटी किती आल्या, हे सगळे आकडे तारखेसह वहीच्या एका पानावर लिहावेत आणि ते पान ट्रॅक्टरच्या कागदांतच ठेवावं. पुढच्या वेळी हे इंजिन दुसऱ्याच कुणाच्या हातानं उघडलं जाईल.